पुढचा अध्याय वाचायचा नाही

विनोद नागवेकर जहाजावर निघाला की त्याची बॅग दर्शना भरायची. कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ, गुडघ्याला लावायचं तेल, सगळं जुन्या टॉवेलात गुंडाळून. गेल्या मार्चमध्ये मात्र बॅग भरून झाल्यावर त्याने स्वतःच्या हाताने एक वस्तू सगळ्यात वर ठेवली. ते पुस्तक होतं. 'डोंगरावरचं गलबत' नावाची लहान मुलांची कादंबरी, मुखपृष्ठावर धुकं आणि धुक्यात अडकलेली एक डोलकाठी.

"तुम्ही वाचणार हे?" दर्शनाने विचारलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या हातात तिने आरत्यांच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक पाहिलं नव्हतं.

"मी एकटा नाही. आम्ही दोघं," तो म्हणाला आणि ईशाकडे बघून त्याने डोळे मिचकावले. शहरात लागलेल्या पुस्तकांच्या प्रदर्शनातून त्याने एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आणल्या होत्या. एक अकरा वर्षांच्या ईशाला, एक स्वतःला. बेत असा होता की त्याने जहाजावर एकेक अध्याय वाचायचा, त्यावर काय वाटलं ते बोलून आवाजी मेसेज पाठवायचा, मग ईशाने उत्तर द्यायचं. ईशाकडे फोन नव्हता, तेव्हा मेसेज दर्शनाच्या फोनवर येणार होते, आणि ते ईशाच ऐकणार असं त्याने धरलं होतं.

"पण नियम आहेत," तो म्हणाला. "मी सांगितल्याशिवाय पुढचा अध्याय वाचायचा नाही. मी पण नाही, तू पण नाही. आणि फोन करीन तेव्हा पुस्तकाचं बोलायचं नाही. फोनवर आई असते. हा आपल्या दोघांचा खासगी मामला."

ईशा हसली. दर्शनाही हसली आणि बॅगेची चेन ओढून तिने ती दाराशी नेऊन ठेवली.

विनोद बोसन होता, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. आठ-नऊ महिने समुद्रावर, दोन महिने बंदराजवळच्या पेठकिल्ल्यातल्या घरी. घरी असला की पहिले आठ दिवस पाहुण्यासारखा वागायचा, मग कुठल्या तरी नळाची दुरुस्ती काढायचा. बायकोशी त्याचं भांडण नव्हतं. बोलणंही फार नव्हतं. जहाजावरून फोन आला की, पैसे जमा झाले का, कौलं शाकारून घेतली का, ईशाची फी भरलीस का, आणि मग दोन्हीकडे थोडा वेळ नुसती खरखर. "बरं, ठेवतो," तो म्हणायचा. "हं, ठेवा," ती म्हणायची.

पहिला मेसेज आला तेव्हा दर्शना दुकानात होती. मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बाबू भाटकरांचं दोर, बोये आणि जाळ्याचा धागा विकायचं दुकान आहे. तिथे ती ईशा पहिलीत गेल्यापासून काम करत होती. संध्याकाळी घरी गेल्यावर तिने फोन ईशापुढे धरला आणि दोघी मायलेकी चहा पीत ऐकत बसल्या.

"ईशा, पहिला अध्याय झाला. मला एक सांग, या राहीचे आईबाप कुठे आहेत? लिहिणाऱ्याने आईला पहिल्या पानावर गावाला पाठवलीय आणि बाप दुसऱ्या पानावर हरवलाय. का तर पोरीला मोकळं रान मिळावं. आणि हरवलाय म्हणजे काय? जहाजावर असेल. त्याला शोधायला कशाला निघायचं? कॉन्ट्रॅक्ट संपलं की येईल ना घरी."

ईशा खिदळली. दर्शनाच्या हातातला कप मात्र तसाच राहिला. हा आवाज तिच्या नवऱ्याचा होता यात शंका नव्हती, पण हा माणूस तिने पाहिला नव्हता.

दुसऱ्या अध्यायात धुक्यातून तरंगत एक गलबत राहीच्या गावामागच्या डोंगरावर येऊन टेकलं. "भरतीची वेळ न बघता आणलं, दुसरं काय," विनोद म्हणाला. तिसऱ्यात गलबताचा कप्तान भेटला. तो बगळा होता आणि चष्मा लावायचा. "आमच्या कप्तानाची मान पण अशीच आहे, फक्त चष्मा नाही. पण ईशा, बगळा डेकवर दिवसभर एका पायावर उभा राहणार म्हणजे डेक कोण धुणार? बोसन. पुस्तकात त्याचा उल्लेख नाही. बोसनचा उल्लेख कुठेच नसतो." चौथ्या अध्यायाला त्याची तक्रार जेवणाची होती. इतकी पानं झाली, वादळ झालं, चाचे येऊन गेले, पण या गलबतावर अजून कुणी जेवलेलं नाही. कुक कुठे आहे? तांदूळ कुठे आहेत?

चौथ्या अध्यायाच्या सुमाराला ईशाची परीक्षा संपली आणि ती शाळेच्या खो-खोच्या उन्हाळी सरावाला जायला लागली. सकाळी अंधारात बाहेर, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मैदान. पाचवा मेसेज आला त्या दिवशी ती जेवता जेवता पेंगत होती.

"पप्पांचं ऐक ना गो."

"उद्या ऐकते."

उद्या म्हणून चार दिवस गेले. मग विनोदचा दुसरा मेसेज आला, लहानसा. "ईशा, ऐकलंस ना? काहीतरी बोल. नाहीतर मी इकडे भिंतीला सांगतोय असं वाटतं."

दर्शना हे ऐकून अस्वस्थ झाली, त्याला कारण होतं. ती नाटे गावची. तिच्या माहेरी श्रावणात रोज तिन्हीसांजेला पोथी लागायची. तिचे वडील एकेक ओवी वाचून अर्थ सांगायचे आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने हुंकार द्यायचा. अर्थ कळला, पुढे चला, एवढंच त्या 'हं'चं काम. तो हुंकार लहानपणापासून दर्शनाकडे होता. ती पेंगली आणि हुंकार थांबला की वडील रागावत नसत. फक्त पोथीवर बोट ठेवून थांबत. सगळं घर थांबे. हुंकाराशिवाय पोथी पुढे नेत नाहीत आणि लावलेला अध्याय अर्धा ठेवत नाहीत, या दोन गोष्टी तिच्या अंगात भिनलेल्या होत्या. तिकडे कुठल्या तरी समुद्रात एक माणूस बोट ठेवून थांबलाय, असं तिला वाटलं.

तिने फोन घेतला आणि लिहिलं, "हं पप्पा. ऐकलं. पुढे?"

ईशाही बापाला अहोजाहोच करायची. तेवढं एक सोपं होतं.

"पप्पांना तुझ्यातर्फे लिहिलं हां मी," तिने दुसऱ्या दिवशी ईशाला सांगितलं.

"बरं केलंस," ईशा बुटाची नाडी बांधत म्हणाली.

नुसत्या हुंकारावर विनोदचं भागेना. तो प्रश्न विचारायला लागला. राही त्या कासवावर विश्वास ठेवेल का? तुला काय वाटतं? उत्तर द्यायचं तर पुस्तक वाचायला हवं होतं. दर्शनाने ईशाची प्रत दुकानात नेली आणि गल्ल्यामागे, नायलॉनच्या रिळांच्या आडोशाला ठेवली. बारावीनंतर तिने वाचलेलं हे पहिलं पुस्तक. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्याला ओढल्या गेल्या आणि दुकानात गिऱ्हाईक तुरळक झालं. एका अध्यायापलीकडे ती जात नसे. नियम नियम होता.

बाबूशेटना पहिल्यांदा वाटलं, ही कसली तरी परीक्षा देतेय. मग एकदा ती मेसेज ऐकताना इअरफोन लावायला विसरली आणि विनोदचा आवाज दुकानभर झाला.

कादंबरीत आता मीठराज आला होता. मिठाच्या महालात राहणारा, स्वतःही मिठाचाच असलेला राजा. भिजलो तर विरघळू या भीतीने त्याने सगळ्या मुलखाचा पाऊस एका विहिरीत कोंडून ठेवला होता आणि राहीचा बाप त्याच्याच कैदेत होता. "ईशा, याला म्हणावं, एवढी विहीर कशाला खणलीस?" विनोद सांगत होता. "आषाढात एक चक्कर मिरकरवाड्याला मार. दोन दिवसांत वाटीभर उरशील. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तुला बांगड्याला चोळून मोकळं होईल."

बाबूशेटचं पोट हलायला लागलं. "कोण गो हा?"

"आमचेच," दर्शना म्हणाली.

"विनोद? आपला विनोद? लग्नात जेवला तेव्हा 'वाढा' एवढंच बोलला होता तो." त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "परत लाव."

त्या दिवसापासून बाबूशेटही श्रोत्यात धरले गेले. सकाळी शटर वर करतानाच विचारायचे, "काय गो, त्या मिठाच्या मेल्याचा काय झाला?" दर्शना अध्याय वाचून दाखवायची, मग विनोदचा मेसेज लावायची. बाबूशेट म्हणायचे, "पोथी आधी, अर्थ मागून. अर्थच बरा."

दर्शना उत्तर लिहायला बसायची तेव्हा ती ईशा व्हायची. आणि ईशा झाली की तिला सुचायचं. एकदा तिने लिहिलं, "पप्पा, राजाला मारायचं कशाला? बरणीत भरून ठेवायचं. वर्षभर लोणच्याला पुरेल." त्यावर जो मेसेज आला त्यात सुरुवातीला शब्दच नव्हते. विनोद हसत होता. मागे इंजिनाची घरघर आणि त्यात त्याचं खोकत, अडखळत हसणं. दर्शनाने तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. लग्नानंतर इतक्या वर्षांत आपल्यामुळे हा माणूस असा हसला, असं तिला एकदाही आठवलं नाही.

हसणं संपल्यावर तो म्हणाला, "ईशा, तू कुणावर गेलीस गो? आईवर तर नाहीच. तुझी आई असती तर म्हणाली असती, बरणी धुऊन पुसल्याशिवाय भरू नका."

बाबूशेट मोठ्याने हसले. दर्शनाही हसली. मग तिने फोन पालथा ठेवला आणि होडी चालवणाऱ्या एका तांडेलाला दाखवायला काढलेला दोर पुन्हा गुंडाळायला घेतला. वाईट वाटायचं कारण नव्हतं. ती खरोखर तसंच म्हणाली असती.

"सांगून टाक त्याला," बाबूशेट म्हणाले. "म्हणावं, बरणी माझीच."

"सांगते की."

पण कसं सांगायचं? ईशा म्हणून लिहिलं तर तो हसायचा. दर्शना म्हणून त्याच फोनवर तिने एकदा लिहून पाहिलं, "आज इकडे खूप पाऊस. तुमच्या मीठराजाची आठवण आली." उत्तर आलं, "पुस्तक तूही बघतेस वाटतं? पागोळीचं पाणी भिंतीत मुरत नाही ना, ते बघ." मग तिने भिंत बघितली. मुरत नव्हतं, तसं कळवलं.

मधूनच तो म्हणायचा, "ईशा, नुसतं लिहितेस काय, बोलून पाठव ना." ती लिहायची, घसा बसलाय. पुढच्या वेळी लिहायची, आई झोपलीय. त्याचा फोन यायचा तेव्हा ईशा बाहेरच असायची; खेळायला गेलीय, एवढंच दर्शना सांगायची. खोटं एकदा लिहिलं की त्याला पुरवणी जोडत राहावी लागते, एवढं तिला कळत होतं. पण श्रावण गेला, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, दुकानात गर्दी वाढली, तरी दुपारच्या त्या वेळेची ती वाट बघायची. अंगावरची साडीसुद्धा ती आताशा जरा बघून नेसायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

चौदाव्या अध्यायात राहीला बाप सापडला. मीठराजाच्या मिठागरात तो मिठाचे खडे वेचत बसला होता. राही समोर उभी राहिली तर त्याने तिला ओळखलं, पण काय बोलावं ते त्याला सुचेना. त्याने तिला विचारलं, घराचं दार लावून आलीस ना?

या अध्यायावर विनोदचा मेसेज यायला फार दिवस लागले. आला तेव्हा त्यात इंजिनाचा आवाज नव्हता. कुठल्या तरी बंदरात होता तो.

"ईशा, या अध्यायावर मला काही गंमत सुचली नाही. हा बाप वाईट नाहीये. त्याला येत नाही, एवढंच. मी पहिल्यांदा जहाजावर गेलो तेव्हा तुझी आई पोटुशी होती. रोज मनातल्या मनात तिच्याशी तास-तास बोलायचो. मग फोन लागला की म्हणायचो, गॅस आला का? अजून तसंच आहे. तिच्याशी बोलायला लागलो की माझा कस्टमवाला होतो. काय आणलं, किती आणलं, कागद दाखवा. तुझ्याशी बोलताना तसं होत नाही. बरं आहे हे पुस्तक."

दर्शनाने हा मेसेज दुकानात ऐकला नाही. कानाला लावून ती बंदराच्या कठड्यापर्यंत गेली. खाली लिलाव चालू होता, बर्फाच्या गाड्या ढकलल्या जात होत्या. तिथे उभं राहून तिने लिहिलं, "पप्पा, हे आईला सांगा ना."

लगेच उत्तर आलं. "नको गो. हसेल ती."

मी नाही हसणार, असं तिने लिहिलं. मग ते पुसलं. त्या वेळी पाठवलं असतं तर सगळंच उघड झालं असतं आणि कदाचित बरं झालं असतं. पण त्याचं हे बोलणं ईशासाठी होतं. ते आपण कान लावून ऐकलं असं त्याला कळलं, तर तो पुन्हा कधी बोलेल का, या धास्तीने तिने लिहिलं, "बरं पप्पा. पुढे?"

नोव्हेंबरात शेवटून दुसरा अध्याय झाला. विहिरीच्या तोंडावरची शिळा राही आणि तिचा बाप मिळून ढकलताहेत, इथे तो संपत होता. विनोदने कळवलं, "आता थांबायचं. शेवटचा अध्याय मी घरी आल्यावर. पडवीत बसून तू वाचायचा, मी अर्थ सांगणार." त्या संध्याकाळी दर्शनाने ईशाला समोर बसवलं.

"ते पुस्तक वाचून काढ. पप्पा यायच्या आत."

"आत्ता? माझ्या जिल्ह्याच्या मॅचेस आहेत."

"थोडं थोडं वाच. मी सांगते तुला काय काय झालं ते."

ईशाने तिच्याकडे नीट बघितलं. "आई, तू अजून लिहितेयस? माझ्या नावाने?"

दर्शनाने पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. ईशा दप्तर भरायला लागली. भरता भरता म्हणाली, "मग माझं काय चाललंय ते कोण सांगत होतं त्यांना?"

विनोद आला तेव्हा कलमांना मोहोर धरला होता. त्याच्या बॅगेतून पुस्तक निघालं, फुगलेलं, कोपरे वळलेलं, एका पानावर ग्रीसचा अंगठा उमटलेला. जेवण झाल्यावर त्याने पडवीत सतरंजी घातली, दर्शनाला सुपारी आणायला सांगितली आणि हाक मारली, "ईशा, चल. समाप्ती."

ईशा दारात येऊन उभी राहिली. तिच्या गुडघ्यावर बोटभर खरचटल्याचा जुना व्रण होता आणि गळ्यात शाळेच्या संघाची शिट्टी.

"हे काय लागलं?"

"ते ऑगस्टमधलं. पोल मारताना." मग बापाच्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "पप्पा, मी खो-खोच्या टीममध्ये आहे. जिल्ह्याला दुसऱ्या आलो आम्ही."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

विनोदने दोन-तीनदा मान हलवली. छान, छान म्हणाला. मग पुस्तक उघडलं. "बस. वाच."

"मी नाही वाचलेलं ते," ईशा म्हणाली. ती उद्धट मुलगी नव्हती. तिचा आवाज उलट बारीक झाला होता. "चौथ्यालाच सोडलं. सॉरी पप्पा."

विनोदने पुस्तक मिटलं, अंगठ्याने त्याच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत रेघ ओढली.

"मग बरणी कुणाची?" त्याने विचारलं.

दर्शना सुपारीचं तबक घेऊन दाराच्या आत उभी होती. "माझी," ती म्हणाली.

तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याचे कान लाल झालेले तिला दिसले. त्याने आठ-नऊ महिने जे जे सांगितलं ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जात असणार, हे तिला कळलं. गॅस, कस्टमवाला, हसेल ती.

"सगळंच ऐकलंस?"

"हं."

"अच्छा," तो म्हणाला. चपला घालून तो खाली बंदरावर गेला.

दिवेलागणीला परतला तेव्हा त्याच्या हातात नळाची नवीन चावी होती. ती त्याने बसवली. नंतरच्या दिवसांत तो दोनदा ईशाचा सराव बघायला मैदानावर जाऊन आला. एका संध्याकाळी ईशाने स्वतःहून पुस्तक काढलं आणि म्हणाली, "पप्पा, वाचूया?" "राहू दे गो," तो म्हणाला. "तू पळ. तुझा वेळ जाईल." रागाने नाही म्हणाला. तेच दर्शनाला जास्त लागलं.

तिने एकदा बोलायचा प्रयत्न केला. तो पडवीत गळका पत्रा बघत होता.

"तुम्ही थांबला होतात, म्हणून लिहिलं मी पहिल्यांदा."

"हं."

"मग पुढे थांबवता आलं नाही."

"मला वाटलं, पोरगी माझ्याशी बोलतेय," तो म्हणाला. "तिची टीम झाली, गुडघा फुटला, मॅच झाली. मी मिठाच्या राजावर बोलत होतो." मग पत्र्यावर बोटाने टकटक करून म्हणाला, "हा बदलायला लागेल."

ही गोष्ट तिला स्वतःला केव्हाच सुचायला हवी होती. चौथ्या अध्यायालाच तिने खरं कळवलं असतं, की पोरीला पुस्तकात गोडी नाही, ती मैदानावर आहे, तर विनोदने खो-खोवर मेसेज पाठवले असते. त्यातही गमती केल्याच असत्या. बापलेकीचा धागा सुटत होता आणि तिने तो बांधून दिला नव्हता, त्याचं दुसरं टोक स्वतःच्या हातात घेऊन बसली होती, कारण पलीकडून कुणीतरी हसत होतं. आणि ते हसणं तरी तिच्या नावावर कुठे होतं?

फेब्रुवारीत तो पुन्हा निघाला. बॅगेत पुस्तक ठेवायला दर्शना गेली तर म्हणाला, "जड होईल." त्याची प्रत घरी राहिली. मेसेज येऊ लागले, आता दोन प्रकारचे. ईशासाठी, "सामना कुणाशी? जिंकलीस?" आणि दर्शनासाठी, "पैसे टाकलेत. पत्र्याचं बघ."

दुकानात बाबूशेट अधूनमधून विचारायचे, "शेवट काय झाला गो? पाऊस सुटला का?"

"वाचला नाही."

"का?"

"सांगितलं नाही ना अजून, वाच म्हणून."

बाबूशेट म्हणाले, "अध्याय असा लावून ठेवतात काय? तुझ्या बापाने ठेवला असता?"

ही गोष्ट त्यांनी सहज म्हटली आणि ते गिऱ्हाइकाकडे वळले. दर्शनाने रिळांमागचं पुस्तक काढलं. आता तिथे विनोदचं ग्रीस लागलेलं पुस्तक होतं. ईशाची प्रत तिने घरी ठेवली होती. दुपार होती, उन्हामुळे रस्ता रिकामा होता. तिने फोन पुढ्यात ठेवला, आवाजाचं बटण दाबलं आणि पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलली.

"मी दर्शना बोलतेय. शेवटचा अध्याय राहिलाय. वाचते."

ती वाचायला लागली. आवाज सुरुवातीला शाळेत धडा वाचावा तसा निघाला, मग वडिलांच्या पोथीच्या चालीवर गेला, मग जरा मोकळा झाला. शिळा हलली. विहिरीतून गारवा वर आला. मीठराज धावत सुटला, त्याच्या पायाची बोटं विरघळायला लागली होती. इथे काहीतरी गंमत करावी असं तिला वाटलं. ईशा होऊन बसली असती तर सुचली असती. तिला एवढंच सुचलं, "बघा, याने आधी छत्री घ्यायला हवी होती. घरात कुणी सांगणारं नाही, दुसरं काय." आणि तिने पुढे वाचलं. राहीचा बाप विहिरीच्या काठावर बसला, त्याने राहीकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात एका बोटीवरची माणसं दोर न्यायला आली. तिने बटण सोडलं, मेसेज गेला. दोर मोजून देईपर्यंत गर्दी झाली आणि मग वाचायचं राहिलं.

मेसेज पोचल्याची खूण दुसऱ्या दिवशी उमटली. ऐकल्याची नाही. तिसऱ्या दिवशी नाही. बाबूशेटनी विचारणं सोडलं. दर्शनाने ठरवलं की काही आलं नाही तर ती उरलेला अर्धा एकटी वाचून टाकेल, अध्याय तसा ठेवायचा नाही. तरी पानात तिने जाळ्याच्या हिरव्या धाग्याचा तुकडा घालून ठेवला होता, तो काढला नाही.

त्यानंतर एका सकाळी उत्तर आलं. आवाजी. तिने इअरफोन लावला. आधी नुसतं इंजिन, बराच वेळ. तो फोन तोंडापुढे धरून उभा असणार.

"ऐकलं," विनोद म्हणाला. "छत्रीचं पण." पुन्हा इंजिन. "आणखी आहे ना? पाठवू नकोस. बाकीचा मी आल्यावर, पडवीत." मग घसा खाकरून म्हणाला, "आणि तू पुढे वाचायचं नाही."

बाबूशेट शटरची कडी अडकवून आत आले. तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "काय गो? पाऊस सुटला?"

"आल्यावर कळेल."

"म्हणजे नोव्हेंबर." बाबूशेट स्टुलावर बसले. "तोपर्यंत मी असलो तर मला पण बोलव."

दर्शनाने धाग्यापाशी पुस्तक उघडलं. बापाने तोंड उघडलं होतं आणि पुढची ओळ पान उलटल्यावर होती. गेलं वर्ष हातात होतं तेव्हा 'मी दर्शना बोलतेय' एवढं एक वाक्य स्वतःच्या आवाजात पाठवायला तिला काय झालं होतं, ते तिला आता सांगता आलं नसतं. तिने पान उलटलं नाही. पुस्तक मिटून रिळांमागे ठेवलं आणि फोनवर लिहिलं, "हं."